दाढ, शनिवार रात्र आणि बंद शटर

डेडलाइन पुढे ढकलता येते, दाढेची कळ नाही. रात्री दोनला नक्की जायचं कुठे, फोनवर बोलायचं काय, आणि कधी क्लिनिक सोडून थेट हॉस्पिटल गाठायचं?

दातांना कॅलेंडर कळतं, असं माझं ठाम मत आहे. आठवडाभर गुपचूप बसलेली दाढ शनिवारी संध्याकाळी क्लिनिकची शटर्स खाली आली की मगच डोकं वर काढते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऑफसाइटला लोणावळ्यात, अप्रेझलच्या आदल्या रात्री... आणि टायमिंग? रात्री अकरानंतरच! तुमच्या ग्रुपमध्ये विचारून बघा, प्रत्येकाकडे अशी एक तरी स्टोरी निघेल.

यात नशिबाचा भाग थोडा आणि शरीराचा जास्त. दाताच्या पोटात नसा आणि रक्तवाहिन्यांचा एक मऊ गाभा असतो, पल्प म्हणतात त्याला. कीड तिथवर पोचली की तो सुजतो. बोट सुजलं तर फुगायला जागा असते. पल्पच्या चारी बाजूंनी मात्र भिंत, त्यामुळे सगळा दाब आतल्या आत. आपण आडवे झालो की डोक्याकडे रक्त जास्त जातं, दाब आणखी वाढतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर दाढ ठणकायला लागते. त्यात रात्री ना मीटिंग, ना ट्रॅफिक, ना चहाचा ब्रेक. सगळं लक्ष त्या एका दाढेवर. म्हणून पहिला उपाय एकदम फुकटातला: दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा. दाढ बरी होणार नाही, पण सकाळ उजाडेल.

दुखायचं थांबलं... आणि तिथेच घोळ झाला

गेल्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही तिघं वाकडला एका फ्लॅटमध्ये राहायचो. त्यातला एक नांदेडचा, हिंजवडीत टेस्टिंगला. गुरुवारी त्याची खालची दाढ अशी ठणकली की पठ्ठ्या रात्रभर गॅलरीत येरझारा घालत होता. तोंडात गार पाणी धरलं की बरं वाटायचं, गिळलं की पुन्हा सुरू. शुक्रवारी सकाळी मात्र दुखणं गायब! "सुटलो रे बाबा," म्हणाला आणि ऑफिसला गेला. डेंटिस्टची अपॉइंटमेंट कॅन्सल.

आता मला कळलंय की हे सुटणं नव्हतं. इतका ठणका आपोआप थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. दुखायला कोणी उरलेलंच नसतं. इन्फेक्शन मात्र तिथेच असतं आणि मुळाच्या टोकातून खाली हाडात उतरतं. शनिवारी दुपारी त्याच्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज आली. संध्याकाळी ती मानेकडे सरकली.

मग सुरू झाली कॉन्फरन्स. नांदेडहून आई म्हणाल्या लवंग धर. ऑफिसच्या मित्राने ब्रँडीचा बोळा सुचवला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघताच अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कापून दिल्या, वर "उद्यापर्यंत उतरेल" अशी गॅरंटी. मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे गोळीतलं औषध मूळ जागेपर्यंत पोचतच नाही. पू बाहेर काढावा लागतो, दात उघडून नाहीतर काढून. गोळ्या फार तर त्याला हातभार लावतात. पण शनिवारी रात्री हे सांगणार कोण?

आम्ही एकामागून एक दहा-बारा क्लिनिकना फोन लावले. नेटवर 'चोवीस तास चालू' असं लिहिलेल्या दोन ठिकाणी रिंग वाजून वाजून बंद झाली. तिसऱ्या ठिकाणी रिसेप्शनिस्टने सोमवारी साडेअकराचा स्लॉट दिला. चौथ्याने स्माइल डिझाइनिंगची ऑफर ऐकवली. खरंच!

शेवटी मी साताऱ्याला आमच्या जुन्या डेंटिस्टना फोन लावला. मी चौथीत असल्यापासून त्यांच्याकडे जातोय, म्हणून मी त्यांना काकूच म्हणतो. रात्रीचे पावणेबारा झाले होते.

"काकू, सॉरी, झोपला होतात का? मित्राची दाढ..."

"ते राहू दे. त्याला थुंकी गिळता येतेय का?"

मी बघितलं. तो उशीवर टॉवेल टाकून बसला होता. लाळ गळत होती आणि तो ती पुसत होता. आम्हाला वाटलं होतं, दुखतंय म्हणून.

"तोंड किती उघडतंय? त्याचीच बोटं उभी धरून सांग."

तीन बोटं जायला हवीत. त्याचं एक जेमतेम जात होतं.

"जिभेखाली कडक लागतंय का? आवाज बदललाय? जबड्याची कड हाताला लागतेय की सगळं एकसारखं झालंय?"

आवाज तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा येत होता. जबड्याची कड नव्हतीच. ताप होता.

"हे बघ, आता क्लिनिक शोधू नका. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जा, जिथे मॅक्सिलोफेशियल सर्जन आणि आयसीयू दोन्ही आहे. आधी फोन करून विचार. त्याला झोपवून नेऊ नकोस, बसवून ने. आणि तिथे गेल्यावर 'दात दुखतो' असं अजिबात म्हणू नकोस. 'मानेपर्यंत सूज आहे, गिळता येत नाहीये' असं सांग."

हे शेवटचं वाक्य किती मोलाचं आहे ते अर्ध्या तासात कळलं. वाटेत एक छोटं हॉस्पिटल दिसलं म्हणून दुसऱ्या रूममेटने तिथे गाडी वळवली. काउंटरवर त्याच्या तोंडून निघालं, "दाढ दुखतेय." झालं! एक इंजेक्शन, आणि "डेंटिस्ट सोमवारी येतात, तेव्हा दाखवा." कॅज्युअल्टीतल्या माणसाच्या डोक्यात दातदुखी ही तक्रार असते, इमर्जन्सी नव्हे. पुढच्या हॉस्पिटलच्या दारात मी काकूंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. स्ट्रेचर आलं, ऑक्सिजन तपासणारी चिमटी बोटाला लागली, पाच मिनिटांत डॉक्टर समोर. सर्जनना घरून बोलावलं, सीटी स्कॅन झाला, पहाटे चारला ऑपरेशन थिएटर. भूलतज्ज्ञ बाहेर येऊन म्हणाले की श्वासाची नळी घालायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. मानेखाली चिरा देऊन पू काढला, दाढ काढली, दोन रात्री आयसीयू.

या प्रकाराला लुडविग्ज अँजायना म्हणतात. नाव अँजायना असलं तरी हृदयाशी काही संबंध नाही. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिथे संपतात, तिथून इन्फेक्शनला थेट जबड्याखालच्या मोकळ्या जागेत वाट मिळते. सूज दोन्ही बाजूंना पसरते, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी यात निम्म्याहून जास्त लोक दगावायचे. आजही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. हे दर दाढदुखीला होत नाही, फारच क्वचित होतं. पण आमच्या फ्लॅटमध्ये झालं, आणि तिघांपैकी एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा: थुंकी गिळता न येणं, तोंड न उघडणं, आवाज बदलणं, जिभेखाली किंवा मानेवर सूज, डोळ्यापर्यंत चढलेली सूज, आणि सुजेबरोबर थंडी-ताप. यातलं एकही असेल तर क्लिनिक नाही, हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८ लावा, अँब्युलन्स फुकट आहे. अपघातात जबडा मोडलाय किंवा दात नीट जुळत नाहीयेत असं वाटलं तरी रस्ता तोच.

इन्शुरन्सचंही सांगून टाकतो. दातांच्या ट्रीटमेंटला आपल्याकडच्या बहुतेक हेल्थ पॉलिसी हात वर करतात, मात्र अपघात किंवा अ‍ॅडमिट व्हावं लागणं ही वेगळी केस असते. आमचाही क्लेम आधी 'डेंटल' म्हणून परत आला. मग सर्जननी पत्र दिलं की उपचार मानेतल्या इन्फेक्शनवर झालेत, श्वासाला धोका होता. तेव्हा कुठे पास झाला. डिस्चार्ज समरीत 'डेंटल' हा एकच शब्द मोठ्ठा दिसत असेल, तर घरी जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

फोन लावण्याची कला

सूज पसरलेली नाही, ताप नाही, फक्त भयंकर दुखतंय? मग तुम्हाला डेंटिस्टच हवा, कॅज्युअल्टीत फार तर पेनकिलर मिळेल. इथे फोन कसा करता यावर बरंच काही ठरतं. "अपॉइंटमेंट मिळेल का?" विचारलंत तर अपॉइंटमेंटच मिळते, पुढच्या गुरुवारची. त्यापेक्षा सांगा: कालपासून दुखतंय, झोप नाही, वरची की खालची, गरमने वाढतं का, सूज आहे का, कुठल्या गोळ्या घेतल्या. आणि मुख्य म्हणजे म्हणा, "आज फक्त दुखणं थांबवा, बाकीचं नंतर करू." पूर्ण रूट कॅनॉल त्याच दिवशी व्हायला हवा असं काही नाही. दात उघडून आतला दाब मोकळा केला आणि तात्पुरतं सिमेंट भरलं की बहुतेकांना त्याच रात्री झोप लागते. भरल्या ओपीडीतही डॉक्टर अर्धा तास काढू शकतात. दीड तासाचं काम असेल तर नाही काढू शकत.

डेंटल कॉलेज हा आपल्या पिढीला न सुचणारा ऑप्शन. मुंबईत मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसचं रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. लाइन असते, विद्यार्थी काम करतात, पण डोक्यावर प्राध्यापक उभे असतात आणि एकाच छताखाली सगळे स्पेशालिस्ट सापडतात. बिल बघून तर सुखद धक्का बसेल. फक्त आधी फोन करून जा, कारण ओपीडी सकाळी लवकर भरते आणि रविवारचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा.

एक भीती सगळ्यांच्या मनात असते, इंजेक्शन लागूच झालं नाही तर? ती अगदीच खोटी नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि त्यात भुलीचं औषध नीट मुरत नाही. म्हणून डॉक्टर थोडं लांबून, मुख्य नसेजवळ इंजेक्शन देतात. तरी लागलं तर हात वर करा आणि सांगा, लाजायचं काय त्यात? लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालं. त्याआधी दात काढून घेणाऱ्या पिढ्यांपेक्षा आपण नशीबवान आहोत. आणि हो, वरची दाढ काढली की डोळे अधू होतात हे आजीचं वाक्य... आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून, चूक आहे. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी.

टपरीवरचं दूध

आता जरा बरी गोष्ट. बाणेरला टर्फवर आमची ऑफिसची बॉक्स क्रिकेटची मॅच होती. आमच्या विकेटकीपरच्या तोंडावर बॉल आदळला आणि समोरचा दात मुळासकट बाहेर! तो बिचारा रक्त पुसत उभा, बाकी सगळे मोबाइलच्या टॉर्चमध्ये दात शोधतायत. अपोझिशनमधल्या एकाची बायको डेंटिस्ट. तिला स्पीकरवर घेतलं.

"दात सापडला? पांढऱ्या बाजूने धर, मुळाला हात लावू नकोस. घासू नका, टिश्यूत गुंडाळू नका. माती असेल तर नुसता धुऊन लगेच खाचेत बसवायचा."

बसवायची हिंमत कोणाची होईना. मग ती म्हणाली, गार दुधात टाका. टर्फच्या बाहेर चहाची टपरी. "काका, गार दूध आहे का?" काका म्हणाले, "तापवलेलं आहे... थांबा, एक पिशवी फोडायची आहे अजून." ग्लासभर दूध, त्यात दात. काकांनी पैसे घेतले नाहीत, पण पुढचे सहा महिने त्या ग्लासवरून आमची थट्टा मात्र केली.

मुळाच्या पृष्ठभागावर जिवंत पेशी असतात. त्या सुकल्या की संपलं. दात पुन्हा रुजायचा तर अर्ध्या तासात, निदान तासाभरात तो खाचेत परत गेलेला बरा. दुधात त्या पेशी साध्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, साध्या पाण्यात फुटतात. दूधही नसेल तर स्वतःच्या लाळेत, डबीत थुंकून. आमचा कीपर चाळीस मिनिटांत खुर्चीत होता. दात बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने दोन आठवडे बांधून ठेवला, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी झाली आणि तार निघायच्या आत रूट कॅनॉलही सुरू झाला. अजून आहे जागेवर. भाच्याचा दुधाचा दात असा पडला तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. नुसता तुकडा उडाला असेल तर तोही दुधात टाकून न्या, कधीकधी परत चिकटवता येतो.

किचनमधली फार्मसी

लवंगेचं तेल? चालतं, थोडा वेळ. त्यातलं युजेनॉल नस थोडी बधिर करतं. डेंटिस्टकडे जो टिपिकल वास येतो ना, तो बराचसा याचाच. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट करतात. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घ्या, हिरडीवर ओतू नका, भाजते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या उत्तम. अ‍ॅस्पिरिन किंवा कुठलीही गोळी कुटून दाढेत भरणं मात्र शुद्ध वेडेपणा. गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवली तर नुसता पांढरा चट्टा पडतो, भाजल्याचा. सूज असेल तर गरम पाण्याची पिशवी नको. रुमालात बर्फ गुंडाळून बाहेरून, दहा-पंधरा मिनिटं.

पेनकिलरमध्ये पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन ही जोडी दाताच्या दुखण्यावर चांगली चालते. पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा प्रेग्नन्सी असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नाही. पावसाळ्यात ताप आलाय आणि डेंग्यूची शंका आहे तरीही नाही. पॅरासिटॅमॉल मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं हे विसरायला होतं.

जिना चढताना किंवा धावपळीत खालचा जबडा दुखतोय, बसलं की थांबतोय, सोबत घाम आणि छातीवर दडपण? डेंटिस्ट नको, ईसीजी काढा. हार्टचं दुखणं जबड्यात उतरतं, आणि आजकाल पस्तिशीतही.

ऑनसाइटवाल्यांसाठी: किडका किंवा अर्धवट भरलेला दात विमानात हवेचा दाब बदलला की ठणकू शकतो. व्हिसाच्या धावपळीत एक चेकअप बसवा. अमेरिकेत दातांचा इन्शुरन्स बहुधा मेडिकलपासून वेगळा असतो, तिथलं बिल बघून दुसरीच कळ येते. इंग्लंडमध्ये दातासाठीही १११ ला फोन करायचा, ते तातडीच्या क्लिनिकचा पत्ता लावून देतात.

आणि दाढ काढूनच घरी आलात, तर कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरा. दर दोन मिनिटांनी काढून रक्त बघत बसू नका, बघितलं की पुन्हा सुरू होतं. त्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, सिगरेट तर नाहीच. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तिथलं बँडेज असतं. ती निघाली तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. पेनकिलर वाढवत बसण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करा, ते खड्डा धुऊन औषध भरून देतात आणि बहुतेकांना लवकरच आराम पडतो. आइस्क्रीम? बिनधास्त खा. पण चमच्याने. स्ट्रॉ घालून थिक शेक ओढायचा नाही.